हलकी केलेली बस

“हे पक्ष्यांचं कशाला हवंय, बाबा?” मुलीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते मॉड गेममधून काढून टाकलं.

लॅपटॉपचा पंखा धापा टाकत होता. तिच्या कॉलेजच्या वेळचा तो लॅपटॉप; एक बिजागरी मोडलेली, बॅटरीनं कधीच राम म्हटलेला. त्यावर बाबा बस चालवायचे. उभा जन्म त्यांनी खरीखुरी बस चालवली होती. हातांना कंप सुटला आणि स्टिअरिंग सुटलं, तेव्हा मुलीनंच त्यांना हा जुना बसचा गेम घालून दिला होता. मग रोज संध्याकाळी फोनवर बातमी यायची: आज डोंगराचा रस्ता उतरलो, कुठं ओरखडासुद्धा नाही. तेवढ्या बातमीवर ती दूरच्या शहरात निवांत झोपायची. गोळ्या लागू पडताहेत, हात सुधारतोय, अशी तिची खात्रीच झाली होती.

अलीकडे बातमी येईनाशी झाली. लॅपटॉप दगा देत असणार, असं तिनं धरून टाकलं आणि सुट्टी मिळताच आली. बघते तर बस मुंगीच्या चालीनं चाललेली. या गेमची एक खोड होती. लॅपटॉपला दम लागला की चित्र अडखळायचं नाही. गेममधलं सगळं जगच मंद व्हायचं. आणि दम लागेल नाहीतर काय, बाबांनी त्यावर मॉडची ही गर्दी केली होती. हौशी लोकांनी मूळ गेमला केलेल्या या जोडण्या. कुणी पाऊस देतो, कुणी झाडांच्या सावल्या, कुणी प्रत्येक प्रवाशाला वेगळा चेहरा. नवा लॅपटॉप घेऊन देते म्हणाली, तर हा काय वाईट आहे, म्हणाले. यांचा चिक्कूपणा काही जायचा नाही, असं मनाशी म्हणत ती कामाला लागली.

त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपतील अशीच मॉड तिनं ठेवली. बाबांच्या जुन्या मार्गाची पाटी ठेवली, त्यांच्या आवडीचा हॉर्न ठेवला. धुकं काढलं, डुलणारं गवत काढलं. बाबा शेजारी बसून बघत होते. राहू दे की, सवय झालीय, असं एकदा म्हणाले. पाऊस काढायची वेळ आली तेव्हा, पाऊस तरी ठेव, म्हणाले. तिला हसू आलं, थोडा रागही आला. बिनपावसाचं त्यांचं काय अडणार होतं? शेवटी तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. आता वाऱ्यासारखी पळेल, म्हणाली.

बस सुटली, आणि खरंच झोकात सुटली. क्षणभर बाबांच्या चेहऱ्यावर जुना ड्रायव्हर दिसला. पहिलं वळण आलं. त्यांचं बोट बटणाकडे निघालं, आणि ते पोहोचेपर्यंत बस कठड्यावर आदळली होती. त्यांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. मग त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, तर बोट भलत्याच बटणावर पडलं.

नवीन आहे म्हणून, दोन दिवसांत हात बसेल, असं ती म्हणाली. म्हणता म्हणता तिची नजर त्या हातावर गेली. इतका वेळ ती नुसता पडदाच बघत होती.

“बाबा, ही मॉड तुम्ही हौसेनं नव्हती घातली ना?”

बाबांनी हात मांडीवर घेतला, त्यावर दुसरा ठेवला.

“पाऊस घातला, बस मंदावली आणि वळणं जमायला लागली. पुढं तीही जमेनात, मग सावल्या घातल्या. हात मागे पडला की एकेक चढवत गेलो,” ते म्हणाले. “फोनवर तुला खोटं नाही सांगितलं, बाळा. ओरखडा खरंच नसायचा.”

तिनं लॅपटॉप जवळ ओढला आणि काढलेलं एकेक परत घालायला घेतलं. धुकं घातलं, गवत घातलं. डोळे भरून आल्यामुळे पावसाचं बटण सापडायला वेळ लागला. होतं तसं करून देते सगळं, असं ती कशीबशी म्हणाली.

बाबांनी पडद्यावरच्या मॉडच्या यादीवरून नजर फिरवली.

“आणि याहून जड एखादं मिळतं का बघ,” ते म्हणाले. “आताशा तेवढ्यानं भागत नाही.”