पंचनाम्याआधी

डांबराचा डंपर रिव्हर्स घेत जवळ येऊ लागला, तसे निवृत्त ग्रंथपाल दिगंबरराव खड्ड्यात मांडी घालून बसले.

कालच इथे त्यांच्या सुनेची स्कूटर उलटली होती. ती अजून शुद्धीवर आली नव्हती, आणि पोलिसांनी जागा न पाहताच बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा तिच्यावरच नोंदवला होता. खड्डा बुजला, की तिच्या बाजूचा पुरावाच बुजणार होता.

“आजोबा, लोकांचीच सोय करतोय ना आम्ही?” कंत्राटदार हसला. “आणखी कुणी पडलं म्हणजे?”

“मी बसलोय तोवर कोण पडतंय?” दिगंबररावांचा आवाज कापत होता. वाचनालयात ‘हळू बोला’ एवढंही त्यांनी जन्मभर खुणेनंच सांगितलं होतं. “आधी पंचनामा, मग डांबर.”

मागे गाड्या तुंबल्या. कुणी हॉर्न वाजवले, कुणी शिव्या घातल्या. दिगंबरराव मान खाली घालून बसून राहिले.

अखेर हवालदार टेप घेऊन आले. “जिंकलात आजोबा. उठा आता, खड्डा मोजू द्या.”

दिगंबररावांनी वर पाहिलं. डंपरचं इंजिन अजून चालूच होतं.

“तुम्ही मोजा,” ते म्हणाले, “मग मी उठतो.”