ब्रेकमधली हवा

चाळीसगावच्या जिनिंगमागे तीन वर्षे उभा असलेला ट्रक उद्या चैत्रामनानांचा लेक कन्नडहून कापूस भरून घाटातून खाली उतरवणार होता. म्हणून ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडाही नाना राहू देणार नव्हते.

केबिनचे दार वाजले. क्लीनर ठाकऱ्या आला असे समजून ते ट्रकखालूनच ओरडले, "पेडल दाब, ठाकऱ्या! मुका व्हयना का?"

उत्तर आले नाही. पेडल मात्र दर हाकेला दबले, आणि नळीतून तेल व हवा बाहेर येत राहिली. तीन चाके झाली.

चौथ्यापाशी दूर फाटकातून आत शिरणाऱ्या ठाकऱ्याचा आवाज आला, "नाना, एस्टी चुकनी, आत्तेच उनू!"

नानांच्या हातातला पाना थबकला. नळीत अजून हवा होती, आणि घाट उद्यावर आला होता.

"दाब," ते वर न पाहता म्हणाले.

वर पेडल दबले, आणि तेलाबरोबर शेवटचा बुडबुडा बाहेर आला.