पुसायला दिलेल्या फ्लॉप्या

“तुमचा कंप्युटर उठं नाय गो पोरी,” फोनवर दामाजी ओरडत होता. “शेट बोलतो, चारला प्लांट चालू करा. अमोनिया फुटला तं भोंगा कोन वाजवनार?”

दामाजी कळव्याच्या बर्फ कारखान्यातला ऑपरेटर. गॅस गळला की भोंगा वाजवायचा, तो प्रोग्राम ठाण्यातल्या खोपटच्या या एका खोलीतल्या कंपनीने लिहिलेला. काल जुनी पुसून त्याची नवी प्रत बसवली आणि भोंगा मुका झाला.

सगुणाने रिसीव्हरवर हात ठेवून खोलीतल्या दोघांना सगळं सांगितलं. बाळने मानसुद्धा वर केली नाही. तो इथला सीनियर प्रोग्रामर.

“त्यांना नवीन मशीन घ्यायला सांग. आपला कंपायलर नवा आलाय. त्यावर बांधलेला प्रोग्राम असल्या डबड्यावर नाही चालणार.” कंपायलर म्हणजे लिहिलेल्या ओळींमधून मशीनवर चालणारा प्रोग्राम बांधून देणारं सॉफ्टवेअर.

“दोन वाजले. चारपर्यंत मशीन कुठून आणतील?”

“मग जुन्या कंपायलरवर बांधा ना,” मालक भगवान सर म्हणाले.

“जुना उडवला, सर. तुम्हीच म्हणालात, दोन-दोन ठेवायचे नाहीत. त्याच्या फ्लॉप्या हिला पुसायला दिल्या.”

दोघे सगुणाकडे बघायला लागले. तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली पोर. सांगितलेलं काम केलं नाही तर उद्यापासून घरी.

“काका, शेटना थांबवून धरा,” ती फोनवर म्हणाली. रिसीव्हर आपटला आणि पिशवीतून डबा काढला. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार फ्लॉप्या.

“पुसल्या नाहीस?” भगवान सरांचा आवाज चढला.

“नाही. पुसायच्या आधी कोणाला काय लागतं ते बघायला हवं होतं. इथे कोणी बघितलंच नाही.”

बाळने नाक धरलं. “सर, सुकटीचा वास मारतोय.”

हा वास त्याला रोज यायचा. ती जेवायला बसली की तो मुद्दाम उठून खिडकी उघडायचा.

“येणारच. आमच्या घरी सुकट असते. वासाने फ्लॉपी बिघडत नाही.”

तिने एकेक फ्लॉपी मशीनमध्ये घातली. चौथीही नीट वाचली गेली आणि जुना कंपायलर वेगळ्या डिरेक्टरीत उतरला. मग तिने प्रोग्राम बांधणारी फाईल उघडली. आजवर त्या फाईलला एकच कंपायलर ठाऊक होता, नेहमीच्या डिरेक्टरीत जो पडलेला असेल तो. सगुणाने वर लिहिलं: बर्फ कारखान्याला जुना, बाकी सगळ्यांना नवा.

“उद्या दहा गिऱ्हाइकं दहा जुने मागतील,” बाळ म्हणाला.

“मग दहा ओळी लिहू. हात मोडलेत का?”

प्रोग्राम बांधून झाला, तिने तो एका कोऱ्या फ्लॉपीवर उतरवला. भगवान सरांनी फ्लॉपी उचलली आणि स्कूटरच्या चावीसकट बाळच्या हातात कोंबली. “पूल ओलांडून कळव्याला जा. पळ.”

पावणेचारला फोन वाजला. सगुणाने उचलला आणि लगेच कानापासून लांब धरला. भोंगा नुसता बोंबलत होता.

“अमोनियाची चिंधी धरली गॅस हुंगनाऱ्या यंत्राच्या नाकाशी!” त्यातूनच दामाजी ओरडला. “ऐकू येतं का गो?”

भगवान सर फ्लॉप्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते: ‘पुसू नये.’ चारही फ्लॉप्या त्यांनी लोखंडी कपाटात ठेवल्या, जुडग्यातून कपाटाची चावी सोडवली आणि तिच्या टेबलावर ठेवली.

“उद्यापासून डब्यात सुकटच आण,” ते म्हणाले आणि बाळने उघडून ठेवलेली खिडकी लावून घेतली.