सात नंबरची काच

सासऱ्यांची चादर बदलताना शिंपीणबाईंची नजर भिंतीकडे गेली आणि हात तिथेच थांबले. काच तडकली होती.

बोटभर रुंद, वीतभर लांब अशी ती पातळ पट्टी. अनुदान योजनेच्या इंजिनिअरने महिन्यापूर्वी भिंतीतल्या भेगेवर आडवी बसवली होती, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की करून. वर काळ्या शाईने घराचा नंबर सात, तारीख आणि स्वतःची सही. भिंतीला भिंत लागलेल्या अकराही घरांत त्याने अशी एकेक पट्टी लावली आणि रस्त्याच्या बाजूने प्रत्येक घराला जाड लाकडी टेकू दिले.

"तीन महिने बघायचं. भिंत सरकली तर काच तडकेल. तडकली की लगेच मला कळवा," एवढंच तो म्हणाला.

तो एवढंच म्हणाला, पण गल्लीला पुढचंही ऐकू आलं. शहराचा जुना भाग पुन्हा उभा करायची ही सरकारी योजना आधी मागच्या गल्लीत आली होती. दुरुस्तीपुरतं, सहा महिन्यांसाठी म्हणून तिथली माणसं शहराबाहेरच्या खोल्यांत गेली. त्याला चार वर्षं होत आली. घरांना अजून कुलपंच.

बाईंचं मशीन खालच्या खोलीत, गिऱ्हाईक सगळं याच गल्लीतलं, आणि सासरे तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांना या खाटेवरून उचलून नेलं तर ते काही परत यायचे नाहीत, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

"भिंत बोलते हल्ली, सुनबाई," सासरे म्हणाले.

"भिंतीला कान असतात बाबा, तोंड नसतं."

"बायकोचं आयुष्यभर ऐकलं नाही. आता भिंतीचं तरी ऐकू दे."

बाई हसल्या नाहीत. पदर खोचून त्या कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे गेल्या. तो तसबिरींना काचा लावायचा, आरसे कापायचा.

"खिडकीची काच फुटली हो. छोटा तुकडा हवाय."

त्याने मान वर केली नाही. बाईंनी माप सांगायला तोंड उघडलं, तोवर त्याचा काच कापायचा हिरा फिरलाही होता. त्याने पट्टी कागदात गुंडाळून पुढे केली.

"शाई नीट वाळू द्या. नाहीतर पसरते."

बाईंनी पट्टी पटकन पिशवीत टाकली. "कसली शाई?"

"मी कुठं काय म्हणालो?" असं म्हणून तो पुढच्या कामाला लागला.

घरी येऊन त्यांनी आतून कडी घातली. जुनी काच उकरून काढली, नवी बसवली. मग सही. आयुष्यभर खडूच्या रेघेवरून कात्री चालवलेला हात, पण तीन अक्षरं उतरवायला त्याला तासभर लागला.

तेव्हापासून दार वाजलं की त्या आधी काचेकडे बघत, मग कडी काढत. काचवाला बोलला तर? शेजारची इस्त्रीवाली एरवी दिवसातून चारदा हाक मारायची, ती हल्ली नजर चुकवून जायची. तिला कळलं असेल का?

बाराव्या दिवशी काच पुन्हा तडकली.

"पुन्हा खिडकी?" काचवाल्याने विचारलं.

"पुन्हा."

"नाजूक आहेत हो तुमच्या खिडक्या."

तिसऱ्या खेपेला त्याने न विचारताच पुडी पुढे केली. पट्टी कापून तयार होती.

आधी भेगेत नख जायचं, आता करंगळी जाऊ लागली. बाईंनी खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढली. एका सकाळी सांगून टाकायचं ठरवून त्यांनी फोन हातात घेतलाही. तेवढ्यात सासरे म्हणाले, "मला कुठे हलवणार नाहीस ना गं?" त्यांनी फोन खाली ठेवला. ब्लाउजपीसच्या चिंध्या भेगेत कोंबल्या, वरून चुना ओढला आणि तो नवा दिसू नये म्हणून चहाचं पाणी फासलं.

तीन महिने भरले तसा इंजिनिअर आला. टॉर्च घेऊन भिंतीशी वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. बाईंनी पाण्याचं तांब्या-भांडं आणून त्याच्याशेजारी ठेवलं.

"सही," तो म्हणाला.

"काय झालं सहीला?"

"काही नाही काकू. माझी मलाच वाचता येत नाही. बायको म्हणते, कोंबडीचे पाय." त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

दोन दिवसांनी निरोप आला. अकराही घरांतल्या माणसांनी उद्या सकाळी अकरा वाजता शाळेच्या सभागृहात यायचं, कोणी चुकवायचं नाही. सापडलो, बाईंना वाटलं. सासऱ्यांना पेज भरवून, उशाशी पाणी ठेवून त्या निघाल्या. वाटेत इस्त्रीवाली भेटली. दोघी शाळेपर्यंत चार पावलांचं अंतर ठेवून चालल्या.

सभागृहात सगळे खाली माना घालून बसले होते. इंजिनिअर कागद घेऊन उभा राहिला. तो हसतोय हे पाहून बाईंना जास्तच भीती वाटली.

"पंचवीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला, "पण अशी रांग पाहिली नाही. अकरा घरं, तीन महिने, आणि एकही काच तडकलेली नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी कोणाकडे पाहिलंही नाही. शेजारी इस्त्रीवालीने आपला हात पदराखाली घेतला, पण त्याआधी बाईंना तिच्या अंगठ्यावरचा काळ्या शाईचा डाग दिसला होता.

"तेव्हा घर कोणीच सोडायचं नाही," इंजिनिअरने घड्याळाकडे पाहिलं. "पलीकडच्या गल्लीला टेकूंची फार निकड आहे, म्हणून तुम्ही इकडे निघालात तेव्हाच मी तुमच्या गल्लीत माणसं पाठवली; पहिल्या घरापासून टेकू काढत निघालेत, एव्हाना सातव्याशी पोचले असतील."