दहा बाय दहात चालेल असा डाव

"बॉक्सिंग नको," कस्तुरा म्हणाली. "ठोसा मारला की आपलाच हात दुखतो."

विजयश्रीने हातातले ग्लव्ह्ज परत खुंटीला लटकवले. मोशीत टायरच्या दुकानावर हा हॉल होता आणि संध्याकाळी ती इथे शिकवायची. समोरची बाई पन्नाशी ओलांडलेली, चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटणारी. डाव्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तेवढी कातडी पांढुरकी दिसत होती.

"मग कराटे?"

"त्यानं वळ उठत्यात."

"उठू देत की. दया येतेय का त्याची?"

कस्तुराने कोपऱ्यातल्या लाठ्यांकडे मान वळवली.

"लाठी?"

"घर दहा बाय दहाचं. लाठी फिरवली तर आधी मांडणी खाली येईल."

मागे दोरीच्या उड्या मारणारा निरंजन हसला. हिंजवडीत खुर्चीवर बसून वाढवलेलं वजन उतरवायला तो इथे यायचा. "मावशी, मग लाटणंच बरं. हातातलं आहे."

"तुलाच लाटू का आधी? कणीक बरीच दिसतीय."

निरंजन पुन्हा उड्या मारू लागला.

विजयश्रीने तिचं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. "हे कसं मोडलं?"

"धक्का दिला. हात टेकून पडले."

"डॉक्टरला काय सांगितलंत?"

"मोरीत घसरले. त्याला पटलं न्हाई. दुसरी बारी हाय ना. म्हणला, पुन्हा हाड मोडून आलात तर मी परस्पर पोलिसांना कळवीन."

"चांगला आहे की डॉक्टर."

"चांगलाच हाय," कस्तुरा शिवी द्यावी तशी म्हणाली.

"रोज मारतो?"

"शिफ्ट बदलली, जागरण झालं की. तवा त्याला काय बी चालत न्हाई."

"नवऱ्याला 'तो' म्हणता. बरंय, अर्धं काम झालं."

कस्तुराने पदर खोचला. "दहा बाय दहात चालेल असं काय हाय, ते सांगा."

"ज्यूदो. तुमच्यासारख्या बुटक्या, बळकट माणसाला तो सोसतो. समोरच्याचं वजन त्याच्याच अंगावर उलटवायचं. पण आधी महिनाभर नुसतं पडायला शिकवते. ज्याला पडता येत नाही, त्याला पाडता येत नाही."

"पडल्यावर हाड मोडत न्हाई?"

"नीट पडलं तर नाही."

"मग ह्येच द्या. पण फुडल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत."

"काय आहे पंधराला?"

"काम हाय."

विजयश्रीने जास्त विचारलं नाही. "गळ्यातलं, हातातलं काढून या मॅटवर."

"काढण्यासारखं काय न्हाई अंगावर," कस्तुरा म्हणाली आणि चपला काढून आली.

हनुवटी छातीला लावायची. हात खाली टेकायचा नाही, कोपरापासून तळव्यापर्यंत सगळा जमिनीवर आपटायचा. श्वास सोडायचा. कस्तुरा रोज चाळीसदा पडायची. लहान मुली दोन आठवड्यांत कंटाळतात, ही कंटाळली नाही. विजयश्री मागून ढकलायची, पुढून ढकलायची, बेसावध असताना ढकलायची. कस्तुरा पडायची, उठायची आणि डाव्या हाताची बोटं हलवून बघायची.

महिना झाला तेव्हा विजयश्रीच वैतागली. "पडणं पुरे झालं. मार खायला आलात का इथे? आता पाडा. निरंजन, ये इकडे."

"मॅडम, मी कशाला?"

"वजन आहे म्हणून."

कस्तुराने त्याची कॉलर एका हाताने धरली, बाही दुसऱ्याने. तीस वर्षं परातीभर कणीक मळलेले हात होते ते. तो पुढे आला तशी ती वळली, कंबर खाली घातली, आणि निरंजन तिच्या पाठीवरून जाऊन मॅटवर आदळला.

"त्याच्या डोक्याला लागलं तर?" कस्तुराने विचारलं.

"घरी? लागू दे," विजयश्री म्हणाली. "तुमच्या मनगटाचा विचार केला होता का त्याने?"

चौदा तारखेला तो पहिली शिफ्ट करून चारच्या सुमारास घरी आला. पिशवी कोपऱ्यात फेकली आणि खुंटीकडे बघितलं.

"शर्टाला इस्त्री का नाही?"

"लाइट नव्हती दुपारपासून. आत्ता आली. करते."

"लाइट नव्हती, का कुठं उंडारत होतीस? सहा आठवडे बघतोय, संध्याकाळची घरात नसतेस."

"कामाला होते."

"तोंड वर करून खोटं बोलू नको."

त्याने तिचा खांदा धरला. तिचे हात आपोआप वर गेले. एकात कॉलर आली, दुसऱ्यात बाही. त्याचं सगळं वजन पुढे झुकलं होतं, पाय जुळलेले होते. निरंजनपेक्षा तो हलका होता. तिच्या पाठीमागे ओट्याची कडाप्प्याची धार होती. नुसतं वळायचं होतं.

त्यालाही ते जाणवलं असावं. क्षणभर तो थांबला आणि त्याने तिच्या हातांकडे बघितलं.

कस्तुराने कॉलर सोडली.

त्याने तिला बाजूला भिरकावलं. तिने हनुवटी छातीला लावली, श्वास सोडला आणि सगळा हात फरशीवर आपटला. आवाज मोठा झाला. शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला, मग पुन्हा मोठा केला.

ती तशीच पडून राहिली. डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटली, उघडली. पाचही हलत होती. मनगट फिरत होतं. कुठे डॉक्टरकडे जायची गरज नव्हती.

मग ती उठली, इस्त्रीची पिन लावली आणि शर्ट अंथरला.

"उद्या चौकीत साहेब इचारतील, आजवर कुठं तक्रार हाय का म्हणून," बाह्या सारख्या करत ती म्हणाली. "ताठ मानेनं न्हाई म्हण. तेवढा पोलिसांचा कागद कंपनीत गेला की तू पर्मनंट होशील, बाळा."