निरंक

"हे राखाडी ठिपके कसले?" सोनवण्यांनी विचारलं.

अपेक्षाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता आणि त्यावर आरोग्य उपकेंद्रांचे ठिपके. काही हिरवे, काही पिवळे, बरेच राखाडी.

"ही झोपलेली उपकेंद्रं, काका. एकोणीस वर्षांत माता मृत्यूंचा एकही आकडा कळवलेला नाही. अशी सत्तावीस आहेत. ती बंद करून शेजारच्या केंद्रात मिसळायची, असं मी सुचवणार आहे. तीन वाजता साहेबांसमोर प्रेझेंटेशन आहे."

हिंजवडीची नोकरी सोडून ती शासनाच्या फेलोशिपवर वर्षभरासाठी या कार्यालयात आली होती. "मॅडम, वर्षात आमचं खातं सुधारणार, की तुम्ही बिघडणार?" असं पलीकडच्या टेबलावरच्या हिंदुरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सोनवण्यांनी कधी थट्टा केली नाही. जुन्या अहवालांची कपाटं त्यांनीच तिला उघडून दिली होती, आणि चार महिने तिला धूळ खाताना पाहिलं होतं.

त्यांनी नकाशाच्या डाव्या टोकाला बोट ठेवलं. "हे कोणतं?"

"आंबीवाडी. तेही राखाडीच."

आंबीवाडीचं उपकेंद्र उघडल्यापासून त्यांची बायको तिथं नर्स होती. तिला जाऊन सात महिने झाले होते. अपेक्षाला यातलं काही माहीत नव्हतं.

सोनवण्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. उघडलेला डबा त्यांनी पुन्हा बंद केला, कपाटातून आंबीवाडीचा गठ्ठा काढला, दोरी सोडली आणि एक पान तिच्यापुढे ठेवलं. जुलै अठ्ठ्याण्णवचा अहवाल. 'माता मृत्यू' या खान्यात निळ्या शाईत एकच शब्द होता. खाली सही.

"वाचा."

"निरंक," अपेक्षा म्हणाली. "हो, हा शब्द शेकडो ठिकाणी आहे. टाइप करणाऱ्यांनी तसाच टाकलाय. मला वाटलं, माहिती नसली की असं लिहितात. म्हणून प्रोग्रॅमला सांगितलं, अंक नसेल तर खाना रिकामा धर."

"तुमच्या कंपनीत शून्याला काय म्हणतात?"

"शून्यच."

"इथं निरंक म्हणतात."

अपेक्षाने पानाकडे पाहिलं, मग नकाशाकडे.

सोनवण्यांनी दुसऱ्या एका उपकेंद्राचा गठ्ठा सोडला. त्यातल्या पानावर खाना कोरा होता.

"रिकामा हा. इथं कोणी बघायला गेलंच नाही. आणि हा निरंक. म्हणजे बाई भर जुलैत तीन वस्त्या चालून गेली. प्रत्येक बाळंतिणीच्या दारात उभी राहिली. सगळ्या जिवंत आहेत हे डोळ्यांनी पाहिलं, आणि मग लिहिलं. मेल्याची बातमी चालत येते, मॅडम. जिवंत असल्याची आणायला जावं लागतं."

"म्हणजे ज्यांनी एकही बाई जाऊ दिली नाही, तीच केंद्रं मी बंद करायला निघाले होते."

"निघाला होतात. तीन वाजायला अवकाश आहे."

तिने खुर्ची पुढे ओढली. सबबी सांगितल्या नाहीत, हे सोनवण्यांना आवडलं. तिने एक ओळ खोडली, एक लिहिली, आणि नकाशा पुन्हा उमटला. सत्तावीसपैकी तेवीस ठिपके हिरवे झाले. चार राखाडीच राहिले.

"हे चार?"

"हे खरंच झोपलेत. त्यांना उठवा. माझी हरकत नाही."

अपेक्षा हसली, पण बोटं थांबली नाहीत. "काका, साहेब विचारतील, या शून्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी असते तर मीही विचारलं असतं. प्रत्येक शून्याशेजारी ते कोणी पाहिलं, त्याचं नाव टाकते. सही तर आहेच." तिने पान डोळ्यांजवळ धरलं. "आंबीवाडीपासून सुरू करते. ही सही लागत नाहीये. सु... सो..."

"सुशीला अनंत सोनवणे."

तिचे हात थांबले. टेबलावर त्यांच्या नावाची पाटी होती. चार महिने ती त्या पाटीसमोर बसत आली होती.

"मार्चमध्ये गेली," सोनवणे म्हणाले. "तुम्ही यायच्या आधी."

तिने पान जपून टेबलावर ठेवलं. मग हळूच विचारलं, "नावाआधी कै. लावू?"

"आमच्यात कालकथित म्हणतात. पण इथं तेही नको. सही केली तेव्हा ती होती. नावाआधी नुसतं सिस्टर लिहा. गावात तेच म्हणायचे."

अपेक्षाने नाव एकदा लिहिलं आणि एक कळ दाबली. महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष, तेच नाव शून्यांशेजारी उमटत खाली गेलं. सोनवणे चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत बघत राहिले. मग ते वाकले आणि पडद्यावर एका जागी बोट ठेवलं.

"मे नव्याण्णवमधून तिचं नाव काढा. तो निरंक दुसऱ्या सिस्टरने लिहिलाय."

"त्या रजेवर होत्या?"

"बाळंतीण होती."