नमुन्याचं पत्र

“पन गुरुजी, कार्डावर लिवाचं तरी काय?” चंदाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

गुणवंतराव गुरुजींनी डोळे चोळले. सकाळी पोरांची शाळा, दुपारी तीन मैल पायपीट करून मुरमटोल्यात बायांचा साक्षरता वर्ग. सहा महिने बाराखडी घोकून घेतली होती. आता परीक्षा आठ दिवसांवर आली, आणि बाया विचारत होत्या, लिहायचं काय!

परीक्षा तशी साधी होती. प्रत्येकीला एक पोस्टकार्ड मिळणार. आपल्या माणसाला आपल्या हातानं चार ओळी लिहायच्या. सावलीहून तालुक्याचे साहेब येऊन तपासणार आणि पास झालेल्यांची कार्डं टपालात पडणार. पण “आपल्या मनानं लिहा” म्हटलं, की साऱ्या जणी फळ्याकडे बघत बसायच्या. बिचाऱ्या पहाटेपासून मोहफुलं वेचून आलेल्या असत. अर्ध्या जणींचे डोळे मिटत.

शेवटी गुरुजींनी खडू उचलला.

“समजा, एक बहीण भावाला लिहिते,” ते म्हणाले आणि सुचेल तसं लिहीत गेले.

‘प्रिय भाऊ, मी सावलीजवळ मुरमटोला इथे आहे. माझी तब्येत ठीक आहे. तुझी फार आठवण येते. हे कार्ड मिळताच मला घरी न्यायला ये. मी वाट पाहते.’

“हा नुसता नमुना. पत्र कसं असतं ते कळावं म्हणून. परीक्षेत हेच उतरवलं, तर नापास. समजलं?”

“समजलं,” बाया म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पंधरापैकी चौदा पाट्यांवर तेच पत्र होतं.

गुरुजी हताश होऊन हसले. तेवढ्यात मागून कुंतानं विचारलं, “गुरुजी, कार्ड खरंच जाते?”

“जाते ना. दिल्लीलासुद्धा जाते.”

कुंता म्हणजे गावातल्या लटारूची बायको. सिरोंच्याकडची. बोलणं तेलुगू, त्यामुळे मराठी जपून, मोजून बोलायची. पण अख्ख्या वर्गात हुशार तीच. एकदा दाखवलेलं अक्षर तिला पुन्हा दाखवावं लागत नसे. ‘पास झाली तर तिला बालवाडीवर घेऊ,’ असं गुरुजींनी साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं.

तिची सासू रुखमाबाई पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत वर्गात येई. सुनेच्या पदराचं टोक मांडीखाली दाबून, खांबाला टेकून बसे. तिची स्वतःची पाटी कोरीच राही. पण एकही दिवस तिनं चुकवला नव्हता. या वयात सुनेच्या संगतीनं शिकायला येणारी सासू गुरुजींनी आजवर पाहिली नव्हती. आसपासच्या गावांत ते हे उदाहरण मोठ्या कौतुकानं सांगत.

परीक्षेच्या दिवशी साहेब जीपमधून आले. त्यांनी आधी सासू-सुनांची विचारपूस केली.

“सुनबाईला चांगली साथ देता हो, बाई!”

“एकटीले कशी धाडू, साहेब?” रुखमाबाई म्हणाली. “बोली नाई येत बिचारीले.”

बायांनी माना खाली घालून लिहायला सुरुवात केली. अर्ध्या तासानं साहेबांनी कार्डं गोळा केली आणि गुरुजींचा जीव हळूहळू भांड्यात पडला. चंदाबाईनं आईला कळवलं होतं, की शेळीला दोन पिल्लं झाली, एक काळं, एक बांडं. गोकुळानं बल्लारशाला राहणाऱ्या पोराला दटावलं होतं, की आता तरी घरी ये. अक्षरं वाकडीतिकडी, पण प्रत्येकीचं पत्र तिचं होतं. रुखमाबाईनं नावातलं ‘रु’ तेवढं काढून कार्ड परत दिलं. सगळे हसले, तीही हसली.

मग साहेबांनी कुंताचं कार्ड वाचलं आणि गुरुजींकडे सरकवलं.

‘प्रिय भाऊ, मी सावलीजवळ मुरमटोला इथे आहे…’

काना-मात्रा न चुकता, शेवटच्या शब्दापर्यंत फळ्यावरचंच पत्र.

“नक्कल,” साहेबांनी कार्डावर तांबडी रेघ ओढली. “हीच का तुमची हुशार विद्यार्थिनी?”

जीप गेली. बायाही पांगल्या. खांबाला टेकून रुखमाबाईला डुलकी लागली होती आणि तिच्या शेजारी कुंता खाली मान घालून बसली होती.

गुरुजी तिच्यासमोर मटकन बसले. रागावण्याचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

“काऊन असं केलं, बाई? बाकीच्यांना जमलं ते तुला जमू नये? बालवाडीची जागा तुझ्यासाठी सांगून ठेवली होती मी.”

 कुंताची नजर त्या तांबड्या रेघेवर होती.

“हे कार्ड आता जाते?” तिनं हळूच विचारलं.

“नापासाचं कार्ड कसं जाईल?”

तिचा चेहरा पडला. गुरुजींना राहवलं नाही. त्यांनी आपल्या पिशवीतलं एक कोरं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

“उद्या मी सावलीला जातो आहे. साहेबांच्या हातापाया पडतो. पण आता तुझ्या मनातलं लिही, कुंता. खरं असेल ते लिही.”

तिनं लगबगीनं कार्ड ओढून घेतलं आणि क्षणभरही न थांबता लिहून त्यांच्या हातात दिलं.

‘प्रिय भाऊ, मी सावलीजवळ मुरमटोला इथे आहे. माझी तब्येत ठीक आहे…’

सहा महिन्यांचा सगळा शीण गुरुजींच्या डोक्यात चढला. त्यांनी कार्ड फाडायला दोन्ही हातांत धरलं. तोच कुंतानं त्यांची मनगटं घट्ट पकडली. तिनं एकवार झोपलेल्या म्हातारीकडे पाहिलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाली,

“फाडू नोका, गुरुजी. मी लगनाची नाई इथी. चार साल झाले, जत्रेतून उचलून आनलं मले. मी कुठी आहे, भाऊले अजून ठावं नाई.”